शिबिराची तारीख गावाला विचारली होती का?

जानेवारीत लावलेलं रोप मेपर्यंत टिकत नाही, हे कुठल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तरी दर हिवाळ्यात कॉलेजांच्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शिबिरात वृक्षारोपण असतंच. वनराई बंधाऱ्याचंही तेच. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यात आडव्या रचायच्या, तर आधी ओढा वाहता हवा. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. आपण कॉलेजवाले जातो सेमिस्टर परीक्षा उरकल्यावर. तोवर मराठवाड्यातल्या कितीतरी ओढ्यांत नुसते गोटे उरलेले असतात. बंधारा होतो, बॅनर धरून फोटो होतो, पाण्याचा पत्ता नसतो.

एनएसएसला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी घेऊन सुरू झालेली ही योजना मला आजही मोलाची वाटते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंजीवर झोपलेली, पहाटे प्रभातफेरीला निघालेली, पहिल्यांदाच कुदळ हातात धरलेली पोरं वेगळी होऊन परततात. (ती एनएसएसची टाळी मात्र मला आजतागायत जमलेली नाही.) माझं भांडण तारखेशी आहे. ती कॉलेज ठरवतं, आणि मग कामही तारखेला साजेसं शोधावं लागतं.

बीड जिल्ह्यात धारूर, पाटोदा, शिरूर कासारकडच्या गावांत जानेवारीत जाऊन बघा. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारासच ऊसतोडीला गेलेली असतात. मागे म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. तिथे व्यसनमुक्तीचं पथनाट्य करायचं कुणासमोर? आजीसमोर?

आता अमरावती जिल्ह्यातला मेळघाट घ्या. धारणी-चिखलदऱ्यात लहान मुलांसाठी सगळ्यात वाईट काळ पावसाळ्याचा. घरातलं धान्य संपत आलेलं, नाले भरून रस्ते तुटलेले, त्यात जुलाब आणि न्यूमोनिया. म्हणूनच पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेची धडक मोहीम नेमकी पावसाळ्यात असते. शहरातले स्वयंसेवक तुकड्यातुकड्यांनी जातात, गावातच राहतात, घरोघरी फिरून बाळं बघतात, आजारी मूल दवाखान्यापर्यंत पोचवतात. जाणाऱ्यांच्या दृष्टीने याहून गैरसोयीचे दिवस नाहीत. शिवाय घरात बोलली जाते कोरकू. मराठीशी तिचं नातं नाही, ती मुंडा कुळातली. त्यामुळे पदवीधर पाहुण्याला गावातल्या पोरांकडून शब्द शिकत बसावं लागतं. बाळाच्या पोटावर डाग देऊ नका हे सांगायचं तर भूमकाशीही, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूशीही, नीट बोलता यायला हवं, त्याला अडाणी ठरवून भागत नाही. सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात ती मला इथे दिसते, समारोपाच्या रात्री पोरांनी केलेल्या ‘आदिवासी नृत्यात’ नाही.

प्रत्येक कॉलेजला मेळघाट झेपणार नाही, मान्य. पालक सोडत नाहीत, मुलींच्या राहण्याचा प्रश्न असतो, निधी तुटपुंजा. पण आम्हा सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना लांब जायचं कारणच काय? नोव्हेंबर ते मार्च तीच बीडची माणसं आपल्या कारखान्याच्या आवारात आणि गावाबाहेरच्या माळावर खोपी घालून राहतात. आपलं सेमिस्टर आणि त्यांचा हंगाम जवळजवळ एकाच वेळी चालतो. मुलं खोपीजवळ दिवसभर धाकट्या भावंडांना सांभाळत असतात. स्थलांतरित मुलांसाठी शासनाचं शिक्षण हमी कार्ड आहे. ते घेऊन जवळच्या शाळेत नाव घालता येतं. पण पहाटे फडात गेलेली आई शाळेत येणार कधी? हे काम दुसऱ्या वर्षाला शिकणारी पोरगी सायकलवरून जाऊन करू शकते. आणि त्यातल्या काही खोप्यांत गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, ती आमच्या पोरांनी थोडी शिकावी. शेजारी पाच महिने राहणाऱ्या माणसांशी आपण ‘ऊसतोडवाले’ यापलीकडे काही बोलत नाही, याची मला जास्त लाज वाटते.

तासांची अडचण नाही. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास द्यायचेच असतात, शिबिर त्याहून वेगळं. नव्या अभ्यासक्रमात तर सामुदायिक सहभागाच्या प्रकल्पाला क्रेडिट आहेत. हे तास सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेण्यात घालवू नका एवढीच विनंती. या माणसांचे फॉर्म भरपूर भरून झालेत.

एनएसएसच्या कार्यक्रम अधिकारी मित्रांनो, कारखान्याचं गाळप सुरू झालं की जवळच्या खोप्यांवर एक चक्कर मारून या. वेळ ठरवताना मुकादमाला नको, तिथल्या बायकांना विचारा. त्या बहुधा अंधार पडल्यानंतरची वेळ सांगतील. तेव्हा मुलामुलींच्या जाण्यायेण्याची सोय आधी बघून ठेवा.