मेणबत्ती जळतेय म्हणून विहिरीत उतरू नका

एप्रिल-मेमध्ये गोव्यात दोन कामं एकदम अंगावर येतात. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याकडे काजूच्या बोंडूंचा (फळांचा) रस आंबवून फेणी गाळणाऱ्या भट्ट्या जोरात असतात आणि पाणी तळाला गेलं म्हणून गावोगावी विहिरी उपसायला काढतात. दोन्हीकडे गाठ कार्बन डायऑक्साइडशी. आणि दोन्हीकडे भरवसा कशावर, तर दोरीला मेणबत्ती बांधून खाली सोडायची, जळत राहिली की उतरायचं. विझली तर उतरू नये, एवढंच ती मेणबत्ती सांगते. जळत राहिली तर तिच्यावरून काहीही ठरवता येत नाही.

कारण ज्योतीला मुख्यतः ऑक्सिजनशी देणंघेणं. हवेत तो २०.९ टक्के असतो, सोळा-सतराच्या आसपास उतरला की मेणबत्ती विझते. विहिरीत पालापाचोळा कुजतो तेव्हा जेवढा ऑक्सिजन खर्च होतो साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे वायू ५ टक्के झाला की ऑक्सिजन सोळावर येतो आणि ज्योत जाते. इथे मेणबत्ती खरं सांगते, पण उशिरा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने ४ टक्के ही पातळीच जिवाला तत्काळ धोका म्हणून धरली आहे. ३ टक्क्यांना ज्योत जळत असते आणि खाली गाळ उपसणारा माणूस धापा टाकत असतो.

बोंडूचा रस आंबतो तिथे गणित आणखी वाईट. आंबताना ऑक्सिजन खर्च होत नाही, साखरेतूनच वायू निघतो आणि असलेल्या हवेला बाजूला सारतो. १० टक्के कार्बन डायऑक्साइड असा मिसळला तरी ऑक्सिजन १८.८ टक्के उरतो. ज्योत मंद होईल, पण जळत राहू शकते, आणि त्या हवेत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो.

आकडे मांडून बघा. एक किलो साखर पूर्ण आंबली की जवळपास ४९० ग्रॅम वायू निघतो, आपल्याकडच्या उकाड्यात साधारण २७५ लिटर. दोनशे लिटरच्या ड्रममधल्या रसात १० टक्के साखर धरली तर वीस किलो साखर, म्हणजे साडेपाच घनमीटर वायू. तीन मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच खोली असेल तर तिचा पाचवा हिस्सा, तोही एकाच ड्रममधून. एका दमात निघत नाही हे खरं, आणि चारी बाजूंनी उघड्या मांडवात तो पसरून जातो. म्हणून जुन्या पद्धतीच्या भट्टीत फारसं बिघडत नाही. घोळ होतो तो ड्रम बंद खोलीत नेले की, किंवा जमिनीत सिमेंटची टाकी बांधली की. हा वायू हवेच्या दीडपट जड. रस काढून घेतला तरी टाकीत तो बसून राहतो, आणि तळ घासायला कोणी आत वाकला की पहिला श्वास त्यातलाच.

शरीरात काय होतं तेही समजून घ्यायला हवं. आपल्याला श्वास घ्यायला लावतो तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड. तो वाढला की रक्त आम्लाकडे झुकतं, मेंदू श्वासाचा वेग वाढवतो. नेहमीच्या हवेत ही यंत्रणा सुरेख चालते. पण भोवतीच्या हवेतच तो भरलेला असेल तर जोरात श्वास घेणं म्हणजे आणखी वायू आत ओढणं. डोकेदुखी, कानात धडधड, घाम ही लक्षणं ३-४ टक्क्यांना सावध करतात. पंधरा टक्क्यांच्या पुढे सावध व्हायला वेळच मिळत नाही. (रात्री पिंपळाखाली झोपू नये म्हणतात. उघड्यावरच्या झाडाच्या रात्रीच्या वायूने काही होत नाही. भीती घालायचीच तर बंद टाकीची घाला.)

विहिरीकडे परत. मे महिन्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार, म्हणून ती वर येतच नाही. रात्रीही बाहेर फारसं थंड होत नाही, त्यामुळे तीच हवा दिवसेंदिवस तळाशी. चिऱ्याच्या (जांभ्या) दगडाला भोकं फार. पावसाआधी हवेचा दाब उतरला की जमिनीतली वायूने भरलेली हवा त्यातून विहिरीत झिरपते. सकाळी ठीक असलेली विहीर दुपारी तशीच असेल असं नाही. शिवाय गाळात पाय पडला, घमेलं घातलं की त्यात अडकलेला वायू मोकळा होतो, कधी विषारी हायड्रोजन सल्फाइडसुद्धा. आणि कोणी डिझेलचा पंप आत उतरवून चालवला तर कार्बन मोनॉक्साइड. तो तर मेणबत्तीला अजिबात कळत नाही.

पाण्याच्या बादल्या ओतणं, पानांची फांदी दोरीने वरखाली करणं या जुन्या युक्त्या हवा हलवतात, तेवढा उपयोग आहे. पाण्यात वायू विरघळतो म्हणाल तर ५ टक्क्यांच्या हवेतून एक बादली जेमतेम अर्धा लिटर घेईल. चुना वायू शोषतो. पण तीन मीटर व्यासाच्या, दहा मीटर कोरड्या विहिरीत ५ टक्के वायू असेल तर दहा किलोंच्या वर चुना लागेल, तोही सगळ्या हवेत सारखा मिसळला तर. आणि गेलेला ऑक्सिजन चुना परत आणत नाही.

मग मीटर. इथे जाणकारही चुकतात. भाड्याने मिळणारा चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजतो. कार्बन डायऑक्साइड त्यात सहसा नसतो. ऑक्सिजनचा अलार्म १९.५ टक्क्यांना वाजतो. आंबवण्याच्या टाकीत तो वाजेपर्यंत कार्बन डायऑक्साइड साडेसहा टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. म्हणून इन्फ्रारेड सेन्सरचा वेगळा मीटर हवा, निदान ५ टक्क्यांपर्यंत वाचणारा. घरात लावायचे स्वस्त मीटर अर्ध्या किंवा एक टक्क्याला थांबतात. दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबून. उतरल्यावरही एक मीटर कामगाराच्या छातीवर.

हवा घालायला ब्लोअर लागतो. वर सांगितलेल्या विहिरीत सत्तर घनमीटर हवा मावते. तासाला हजार घनमीटर टाकणारा ब्लोअर, त्याचा पाइप पाण्यापासून एक मीटरवर, उतरण्याआधी अर्धा तास आणि माणूस आत असेपर्यंत सतत. काठावर टेबलफॅन ठेवून काही होत नाही. जनरेटरचा धूर ब्लोअरच्या तोंडाशी येऊ देऊ नका. ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडू नका, आगीचा धोका वाढतो.

उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि दोरी वर तिपाईला, म्हणजे विहिरीच्या तोंडावर उभ्या केलेल्या तीन पायांच्या घोड्याला. तो कोसळला तर वरूनच ओढायचा. दोरी नसेल तर ब्लोअर चालू ठेवून १०१ किंवा ११२ ला फोन करा, पण मागोमाग कोणी उडी घेऊ नका. एकाला काढायला गेलेला दुसराही तीच हवा घेतो. तोंडाला ओला फडका किंवा धुळीचा मास्क लावून हा वायू अडत नाही, अग्निशमन दलाकडे पाठीवरच्या सिलिंडरचा श्वसनसंच असतो तोच लागतो.

दर घराने हे सामान घ्यावं असं मी म्हणत नाही, परवडणारही नाही. पंचायतीने एक ब्लोअर, दोन्ही मीटर, तिपाई आणि हार्नेस घेऊन नाममात्र भाड्याने द्यावं. फक्त मीटर कपाटात ठेवून विसरू नये. त्यातला ऑक्सिजनचा सेन्सर वापरा नाहीतर ठेवून द्या, साधारण दोन वर्षांत संपतो, आणि दर हंगामाआधी कॅलिब्रेशन (मीटर बरोबर वाचतो का ते तपासून जुळवणं) करून घ्यावं लागतं.