खुलासा: २५०० पट मोठं दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपमधूनही विषाणू दिसत नाहीत

‘विद्यार्थ्यांसाठी २५०० पटीचाच मायक्रोस्कोप घ्या, त्यात विषाणूसुद्धा दिसतात’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

२५ पटीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) आणि १०० पटीचा ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) यांचा गुणाकार २५०० होतो, इतपत खरं. पण बारकावा किती दिसणार हे गुणाकारावर ठरत नाही. ते प्रकाशाची तरंगलांबी आणि ऑब्जेक्टिव्हचं न्यूमरिकल अ‍ॅपर्चर (ते भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं हे सांगणारा आकडा) यांवर ठरतं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी ही मर्यादा, म्हणजे दोन बिंदू किमान किती अंतरावर असले तर वेगळे दिसतात ते, १८७३ मध्येच मांडली. साध्या प्रकाशात ती साधारण ०.२ मायक्रोमीटर आहे. करोनाचा विषाणू सुमारे ०.१ मायक्रोमीटरचा, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.

१०० पटीच्या ऑब्जेक्टिव्हवर सहसा १.२५ हा आकडा छापलेला असतो; तेच त्याचं न्यूमरिकल अ‍ॅपर्चर. त्याच्या हजारपट, म्हणजे १२५० पटीपुढे चित्र फक्त फुगतं, नवं काही दिसत नाही. तोही आकडा स्लाइडवर इमर्शन तेलाचा (भिंग आणि स्लाइड यांच्यामधली हवेची जागा भरणाऱ्या तेलाचा) थेंब असेल तरच खरा. जाहिरातीत हे सहसा नसतं!

कांद्याच्या पेशी, रक्तपेशी बघायला ४०० पट भरपूर होते. पैसे घालायचेच तर कंडेन्सर (स्लाइडवर प्रकाश एकवटणारं भिंग), आयरिस डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) आणि चांगल्या फाइन फोकसमध्ये (बारीक फोकस जुळवणाऱ्या चाकात) घाला.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.