स्लॅबला हुक एकच

लेकराला तिसरा महिना लागला आणि त्यानं घरात कायदा केला: खांद्यावर झोपेन, खाली ठेवलं तर गल्ली उठवेन. त्याला घेऊन हॉल ते बाल्कनी अशा मी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की सरळ चाललो असतो तर परभणीहून जिंतूरला पोचलो असतो. लोक म्हणतात, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ आमचं परभणीतच बनेना.

शेवटी ऑटोमॅटिक झुला घ्यायचं ठरलं. पहिला प्रकार वरून टांगायचा. स्प्रिंग, खाली मोटर, त्याखाली झोळी. लेकरू वर-खाली हलतं. गावाकडं माळवदाच्या घरात तुळईला पाळण्याच्या कड्या कायमच्याच असायच्या. आमच्या बेडरूमच्या स्लॅबला हुक एकच, आणि त्यावर पंखा. महिना एप्रिल, पारा 42. पंखा काढला तर लेकरू झुलेल, पण आम्ही तिघंही उकडून निघू.

मग दुसरा प्रकार, खुर्चीसारखा. पट्टे, रिमोट, गाणी.

“पाच स्पीड हायत साहेब,” दुकानदार म्हणाला.

“पाचवा कशाला लागतो?”

“तो कुणी लावत न्हाई.”

“मग दिलाय कामून?”

“चारच असले तर गिऱ्हाईक घेत न्हाई.”

ट्रायल म्हणून त्यानं त्यात पाच किलो कणकेची पिशवी ठेवून पट्टे आवळले. कणीक अजिबात रडली नाही. आम्ही दोघं पाच मिनिटं त्या पिशवीकडं कौतुकानं बघत होतो. बायकोच्या डोळ्यांत तर पाणी आलं. आता ते मायेचं होतं की तीन महिन्यांच्या जागरणाचं, काय की.

घरी आईला फोटो दाखवला. “जुनं लुगडं हाय की! झोळी बांध. पैशे कामून घालायलास?”

आईचा अधिकार मोठा. आम्हा चौघांना तिनं पायाच्या अंगठ्यावर वाढवलं. अंगठ्याला पाळण्याची दोरी, हातात सुपातली ज्वारी आणि तोंडानं भावकीचा हिशेब. तिन्ही एकाच लयीत. बाकी काही असो, तो अंगठा लाइट गेल्यावरही चालायचा.

“अगं, पण झोळी बांधायची कशाला?”

आईनं वर बघितलं. पंखा फिरत होता. ती गप्प बसली.

झुला आला. दुसऱ्या स्पीडला लेकरू सात मिनिटांत झोपलं. मी इतका खूश, की फुकट बसण्यापेक्षा माहितीपुस्तिका वाचायला घेतली. तिथंच चुकलं. त्यात लिहिलेलं, झुला झोपवण्यासाठी नाही. कललेल्या बैठकीत झोपलेल्या बाळाची मान पुढं पडून श्वास अडू शकतो, म्हणून डोळा लागला की लगेच उचलून सपाट, टणक अंथरुणावर उताणं निजवावं.

बरोबरच होतं ते. बायकोनं तेवढ्यात त्याची मान बघितली, मी पट्टे सोडले, श्वास रोखून त्याला उचललं. गादीला पाठ टेकली मात्र, दोन्ही डोळे टक्क उघडे.

रात्री एक वाजता मी बाल्कनीतून परत फिरलो, तेव्हा आई आतल्या खोलीत मावशीशी फोनवर बोलत होती. तिलाही झोप नव्हतीच.

“आणली की मशीन. चांगली हाय. पण लेकरू झोपलं की त्यातनं काढायला माणूस लागतंय म्हणं.”