नुसतं ‘छान’ म्हणू नका, कुठे बिघडलंय ते सांगा

चित्र काढायला नव्याने लागलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया मिळतात. घरचे म्हणतात, ‘वा, छान!’ आणि जाणकार म्हणतात, ‘हात बसायचाय अजून, सराव करा.’ माझं ठाम मत आहे की या दोन्हींतून त्याच्या हाती काहीच लागत नाही. मोठ्या वयात पेन्सिल हातात घेणाऱ्यांना मी रविवारी शिकवते. ‘नुसता सराव करा’ या सल्ल्याने किती मनापासून आलेली माणसं खचतात, ते जवळून बघते.

साधा तांब्या घ्या. नवखा माणूस तांब्याचं तोंड काढतो तेव्हा लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोपरे येतात आणि बूड सरळ रेघेने कापल्यासारखं होतं. तांब्या टेबलावर सपाट बसतो हे त्याला माहीत असतं, आणि हात डोळ्यांऐवजी त्या माहितीचं ऐकतो. प्रत्यक्षात वर्तुळ डोळ्यांच्या पातळीपासून जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं दिसतं. म्हणून बुडाची कड सपाट तर नसतेच, चांगली गोलाई घेऊन येते. हे न कळता वही भरून तांबे काढले, तर कोपरेच हातात पक्के बसतात. कुणीतरी त्या टोकावर बोट ठेवून ‘इथे कोपरा झालाय, वळवून घ्या’ म्हणावं लागतं. लगेच काढलेला पुढचा तांब्या वेगळा असतो. गाण्याच्या शिकवणीत स्वर उतरला की गुरुजी तिथल्या तिथे थांबवतात, समेपर्यंत वाट बघत नाहीत. चित्राला ते भाग्य क्वचित मिळतं.

चेहऱ्याचंही तेच. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण जवळजवळ प्रत्येक जण ते वर, कपाळात नेऊन ठेवतो.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा आहेत. त्यांनी गावोगावच्या मुलांच्या हातात रंगपेटी दिली, हे मोठंच काम आहे. पण निकालात श्रेणी कळते. वस्तुचित्रातली बादली कुठे कलली, ते कळत नाही. ‘ब’ मिळालेलं मूल ‘आपण ब दर्जाचे’ एवढंच घेऊन जातं, आणि मोठेपणी हीच माणसं मला सांगतात, ‘मॅडम, माझ्या हातात कला नाही.’ याचं मला खरंच वाईट वाटतं.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रपाठांचे नमुने त्याने चिकाटीने उतरवून काढले. पण १८८१ च्या अखेरीस तो हेगला अँटोन मॉव्ह या नात्यातल्या चित्रकाराकडे गेला, आणि मॉव्हने त्याच्यासमोर कोबी, लाकडी बूट अशा वस्तू मांडून त्याला रंगवायला बसवलं. पुढे दोघांचं बिनसलं. पण त्याच्यासारख्या झपाटलेल्या माणसालाही शेजारी बसून बघणारं कुणीतरी हवं होतं.

असं कुणी नसेल तर आरसा वापरा. चित्र आरशात धरलं की कललेली बाजू एकदम डोळ्यांत भरते. इटलीतल्या अल्बर्टी या वास्तुकार-लेखकाने १४३५ सालीच चित्रकारांना हे सांगून ठेवलंय. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत उंची-रुंदी मोजा. तांब्याचा गळा आणि खांदा यांच्यामधली रिकामी जागा कोणत्या आकाराची आहे ते बघा आणि तोच आकार काढा. वस्तूचं नाव डोक्यातून गेलं की डोळे प्रामाणिक होतात. आणि पहिली रेघ खोडरबराने पुसू नका. शेजारी दुसरी ओढा, म्हणजे फरक समोर राहील.

दाखवतानाही ‘कसं झालंय?’ असं विचारू नका. त्यावर ‘छान’ हेच उत्तर येणार. ‘गळा बुडाच्या मानाने उजवीकडे सरकलाय का?’ असं विचारा. चित्रकलेतलं काही न कळणारी तुमची आईसुद्धा याचं खरं उत्तर देईल.

मला चित्र दाखवायचं असेल तर इनबॉक्समध्ये जरूर पाठवा. सोबत त्या वस्तूचा फोटोही हवा, त्याशिवाय काही सांगता येत नाही. फोटो मात्र तुम्ही बसला होता तिथूनच, डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल धरून काढा. उभं राहून काढलात तर सगळी लंबवर्तुळं बदलतील.