शंभर रुपयांचं सूप

डिसेंबरातलं लग्न आटोपलं, पण वऱ्हाड काही हललं नाही. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही धरून 11 माणसं. तीन दिवस बासुंदी-जिलबी हाणल्यावर आत्या बायकोला म्हणाली, "आज रात्री काहीतरी हलकं कर गं." तिथे मी तोंड उघडायची काहीच गरज नव्हती.

"सूप! शंभर रुपयांत सगळ्यांचं. मी करतो."

"सूप माळ्यावर आहे," आई म्हणाली, "पण रात्रीचं पाखडायचंय काय?"

भाजी घ्यावी तर उशिरा, विकणाऱ्याला घरचे वेध लागल्यावर, हे माझं जुनं शास्त्र. जांभळी नाक्यावर लाल भोपळ्याची किलोभर फोड, एक दुधी, गाजरं, मऊ पडलेल्या टोमॅटोंचा वाटा आणि कोथिंबीर मिळून 96 रुपये झाले. बाजूला कोबीची काढून टाकलेली वरची पानं पडली होती, तीही मागून घेतली. भाजीवाली म्हणाली, "काका, बकरी पाळली का?" पिशवी जड झाली म्हणून रिक्षा केली. मीटर पडला की 26 रुपये. ते मी धरले नाहीत. रिक्षा काही सुपात घालत नाहीत.

घरी बायको मटारची सालं टाकायला निघाली होती. मी झडप घातली. आता अनुभवाने सांगतो, मटारच्या सालाला आतून एक चिवट पापुद्रा असतो. तो शिजत नाही, वाटला जात नाही, गाळायला जावं तर गाळणीला गच्च बसतो आणि त्यातून निसटलेला दातात अडकतो.

माणशी दोन वाट्या म्हणजे चार-साडेचार लिटर. कुकर 5 लिटरचा. "बसतंय की!" मी म्हणालो.

"अहो, कुकर काठोकाठ भरत नाहीत. दोन भाग भरायचा, एक भाग वाफेला."

म्हणजे दोन घाणे. दाटपणासाठी मूठभर मुगाची डाळ टाकली, कोथिंबिरीच्या काड्याही टाकल्या. पानांपेक्षा काड्यांनाच स्वाद जास्त, हे मी सगळ्यांना दोनदा सांगितलं. स्वयंपाकघर इतकं भरलं होतं की मला पळी हलवायला भावोजींना मागे सरकायला सांगावं लागे.

मग मिक्सर. उकळतं रसायन भांड्यात कोंडून फिरवलं की वाफ आणि आतली हवा फुगते आणि वाट शोधते. विज्ञानात मला चांगले गुण असायचे. पण हे आठवलं ते झाकण छताला लागल्यावर. भोपळा ओट्यावर, भावोजींच्या लग्नातल्या कोऱ्या झब्ब्यावर आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर गेला. भावोजी काही बोलले नाहीत. जावई माणूस, बोलणार कसा! पण त्यांनी झब्बा काढून माझ्याच हातात दिला.

उरलेलं सूप वाढलं. भाचे म्हणाले, "मामा, बटर नाही?" बटर आणलं. बटर आलं म्हणून ब्रेड, ब्रेड आला म्हणून चीज. तेवढ्यात निरोप घ्यायला डोंबिवलीचे काका-काकू टपकले, तेव्हा पातेल्यात दोन तांबे पाणी ओतलं. आता वाटीचा तळ दिसू लागला.

आत्याने एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि पदर खोचून उठली. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, वर गोडा मसाला, दोन आमसुलं आणि गुळाचा खडा. "भात लाव गं!" सूप म्हणून ज्याला कोणी शिवत नव्हतं, ते आमटी म्हणताच पंधरा मिनिटांत पातेलं पुसून संपलं. आत्याची वाहवा झाली. काड्यांचं कोणी नाव काढलं नाही.

झब्बा ड्रायक्लीनिंगला दिला. तोही खर्च मी धरलेला नाही.

राहिलं कालनिर्णय. त्यावर बायको रोजच्या दुधाचा हिशोब मांडते. 12 तारखेपासून 17 पर्यंतचे सगळे चौकोन भोपळ्याखाली गेलेत. दूधवाला महिनाअखेरीला आला, कॅलेंडरकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "त्या दिवसांत पाहुणे होते ना, साहेब? रोज दोन लिटर जादा होतं."