माटोळी आणि माझं कोपर

चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या मूळ घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायचा मान दादाचा आणि माझा. मान म्हणजे दादा स्टुलावर उभा राहून केवणीच्या दोराला गाठी मारणार आणि मी खाली डाव्या हातावर नारळाची पेंड, म्हणजे नारळांचा घड, घेऊन उभा राहणार. सुपारी, आंबाडे, कवंडळं सगळं सुरळीत टांगलं गेलं. पेंडीशी घोडं अडलं.

"वर घे... जरा खाली... सावकाश रे! परत वर."

तेवढ्यात वहिनींनी चहा दोनदा गरम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावा हात सरळ होईना. कोपरात वाकलेला, पंजा वर, जणू काही मागतोय. आरतीत टाळ्या वाजवताना डावा जागचा हलत नव्हता, उजवाच बिचारा त्याच्याकडे जाऊन येत होता. दर्शनाला आलेल्या तिघांनी त्या पंजावर पंचखाद्य ठेवलं. मी खाल्लं. काय करणार?

भाची फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आख्खं घर तिचं पेशंट. तिनं दंड दाबला, मी ओरडलो, ती खूश झाली.

"मामा, स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. पुढचा बायसेप्स हात वाकवतो, मागचा ट्रायसेप्स सरळ करतो. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याला मज्जारज्जूतून निरोप जातो, बाबा, तू सैल पड."

हा सैल पडण्याचा निरोप शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं उलगडून दाखवला. चेतापेशींवरच्या कामासाठी त्याला १९३२ साली नोबेलही मिळालं. आमच्या सामायिक घराचं छप्पर दुरुस्त करायचं म्हटलं की दोन्ही भाऊ एकदमच ओढतो. आमच्यात मज्जारज्जू नाही.

"पण मी पेंड खाली घेत होतो तेव्हा तरी बायसेप्सला सुट्टी होती ना?"

"तिथेच तर दुखणं! खाली नेतं ते पेंडीचं वजन. बायसेप्स लांब होता होता मागे ओढून धरतो. विहिरीत कळशी सोडताना दोर कसा हळूहळू सोडतो आपण, तसं. स्नायूला जास्त ठणका त्यानंच लागतो."

म्हणजे पेंड धपकन टाकली असती तर हात वाचला असता. आईनं मला वाचवलं नसतं, एवढंच.

मग तिनं मला टेबलावर तळवा ठेवून खाली दाबायला लावलं. ट्रायसेप्स आवळला, बायसेप्सला निरोप गेला असावा, कारण कोपर बोटभर उघडलं. अजून दाबलं, अजून बोटभर. दर तासाला दहा वेळा, असा हुकूम झाला. दीड दिवसाचा गणपती, त्यात माझे अर्धे तास टेबल दाबण्यात गेले. पाहुण्यांना वाटलं, टेबलाचा पाय डुगडुगतोय. एकानं खाली पुठ्ठाही सरकवला.

विसर्जन करून परतलो, तर माटोळी उतरवायची होती. दादा सवयीनं स्टुलावर चढू लागला.

"पेंड मी सोडतो. तू खाली धर आणि सावकाश—"

"मोठ्या मामा," भाची टेबलाजवळून म्हणाली, "आज तू खाली."