इंजिन आलं, वऱ्हाड राहिलं

जुन्या छोट्या गाडीत जास्त अ‍ॅव्हरेज देणारं इंजिन बसवायचा किडा डोक्यात शिरला की माणूस आधी पाना उचलत नाही, कॅल्क्युलेटर उचलतो. गाडी लिटरला १४ किलोमीटर देते, नवीन इंजिन १८ देईल. वर्षाला १०,००० किलोमीटर धरले तर ७१४ लिटरच्या जागी ५५६ लिटर, म्हणजे दीडशेहून जास्त लिटर वाचले! आता हाच माणूस १८ वरून २२ ची स्वप्नं बघू लागतो. वाढ तेवढीच, ४ किलोमीटरची, पण वाचतात फक्त १०१ लिटर. अ‍ॅव्हरेज हा आकडा असा लबाड आहे. जितका वर चढतो तितकं कमी देतो. म्हणून हिशोब नेहमी १०० किलोमीटरला किती लिटर असा करावा, असं मी कळकळीने सांगतो. कोणी ऐकत नाही, कारण त्या हिशोबात मजा नाही.

दुसरी न ऐकली जाणारी गोष्ट म्हणजे इंजिन काढण्याआधी आहे ते इंजिन तपासा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, उघडाच अडकला असेल तर इंजिन कधी नीट तापत नाही, आणि गाडीचा कॉम्प्युटर त्याला थंडी वाजतेय असं समजून जास्त पेट्रोल पाजत राहतो. गाडी चालवून आल्यावर एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटरला कळवणारा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झालाय का, टायरमध्ये हवा किती आहे, अलाइनमेंट कधी केलं होतं, हे सगळं अर्ध्या दिवसात बघून होतं. धोका एकच. अ‍ॅव्हरेज इथेच सुधारलं तर इंजिन बदलायला कारण उरत नाही. म्हणूनच हौशी लोक ही तपासणी टाळतात.

तरीही बदलायचंच असेल तर होंडाचं डी१५झेड१ हे इंजिन अभ्यासाला घ्यावं. १९९२ ते १९९५ च्या सिव्हिक व्हीएक्समध्ये ते यायचं. १,४९३ सीसी, ९२ अश्वशक्ती, आणि अमेरिकी सरकारी चाचणीत हायवेला गॅलनला ५५ मैल, म्हणजे लिटरला २३ किलोमीटरच्या वर. त्यातली व्हीटेक-ई ही युक्ती अशी की इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, मिनिटाला साधारण २,५०० पर्यंत, प्रत्येक सिलिंडरच्या हवा आत घेणाऱ्या दोन इनटेक व्हॉल्व्हपैकी एकच नीट उघडतो. दुसरा नावापुरता किंचित हलतो, तोही एवढ्यासाठीच की त्याच्या पाठीमागे पेट्रोल साचू नये. एकाच बाजूने शिरलेली हवा आत गरगर फिरते आणि त्यामुळे अगदी पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेलं मिश्रणही पेटतं. एरवी वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथे २२ पर्यंत जाते.

हे वाचून लोक इंजिन आणतात. फक्त इंजिन. आणि इंजिन कधी एकटं येत नाही, त्याच्यामागे सगळं वऱ्हाड असतं. त्या वऱ्हाडातली रुसणारी आत्या म्हणजे पाच तारांचा ऑक्सिजन सेन्सर. साध्या सेन्सरला १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच कळतं. नेमकं किती पलीकडे, ते हाच पाच तारांचा सांगतो. तो महाग असतो म्हणून साधा चार तारांचा लावला, की पातळ मिश्रणाचा कार्यक्रम रद्द आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा सुरू. मग त्याच इंजिनचा पी०७ कॉम्प्युटर हवा, त्याला जुळणारं वायरिंग हवं आणि गिअरबॉक्सही हवा. व्हीएक्सच्या गिअरबॉक्सचं फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचं प्रमाण, ३.२५ आहे, साध्या सिव्हिक डीएक्सचं ४.०५८. जुनाच गिअरबॉक्स ठेवला तर हायवेला इंजिनाचे फेरे वरच राहतात, आणि काटकसर तर खालच्या फेऱ्यांत लपलेली! माझं मत विचाराल तर दोन्हींपैकी एकच परवडत असेल तेव्हा गिअरबॉक्स आधी घ्या. इंजिन मिरवायला बरं असतं, पण पेट्रोल फेरे पितात.

सुटं इंजिन घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासल्याशिवाय हलू नये. सगळे स्पार्कप्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि चारही सिलिंडर मोजायचे. आकडा किती यापेक्षा चारही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. १० टक्क्यांहून जास्त फरक दिसला की सावध व्हा. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. विकणारा मात्र 'इंजिन मख्खन आहे' एवढंच सांगेल. इंजिन क्रमांकाची नोंद, विमा आणि धुराची चाचणी यांचे नियम इंजिन घरी येण्याआधी विचारून घ्या. नंतर विचारले तर उत्तरं फार लांबलचक मिळतात.

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि क्रँकचं मागचं ऑइल सील, हे सगळं इंजिन बाहेर असतानाच बदलायचं. यातलं 'सध्या बरं दिसतंय' म्हणून सोडलेलं एकूण एक काम इंजिन आत गेल्यावर गळायला लागतं. बेल्टसाठी क्रँक पुलीचा बोल्ट काढावा लागतो. तो बसवताना १८१ न्यूटन-मीटर लावलेले असतात, पुढे गंज आपल्या परीने भर घालतो. पाना चेसिसला टेकवून स्टार्टर मारायचा आणि बोल्ट ढिला करायचा, हा जुना उपाय या डी मालिकेच्या इंजिनांवर चालत नाही. ती उलटी फिरतात, त्यामुळे बोल्ट आणखी आवळतो. पुली धरून ठेवायचं हत्यार, लांब दांडा आणि शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाहीत अशा शिव्या, एवढंच हाताशी उरतं.

बाकी काढाकाढी सोपी आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी, मग पेट्रोलच्या लाइनचं प्रेशर उतरवायचं, कूलंट आणि गिअर ऑइल काढायचं, प्रत्येक कपलरला चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर 'हा इकडे' असं लिहू नये. आठवड्याने 'इकडे' म्हणजे कुठे हे कोणालाच कळत नाही.

क्लच प्लेटला दोन बाजू असतात. उलटी बसवली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतं आणि क्लच सुटत नाही. हे समजतं ते सगळं जोडून, ऑइल भरून, हात धुऊन झाल्यावर. प्लेट मधोमध धरायला सेंटरिंगचा दांडा वापराच. गिअरबॉक्स जोडताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरणाऱ्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत ना, तेही बघा. त्या बहुधा जुन्या इंजिनातच राहिलेल्या असतात. मध्ये बोटभर फट राहिली की बोल्ट आवळून ती मिटवायचा मोह होतो. अ‍ॅल्युमिनियमचा कान त्याच क्षणी तुटतो.

मग अर्थिंगची तार. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने अधांतरी. ही जाडजूड तार लावायची राहिली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि त्याला अ‍ॅक्सिलरेटरची केबल सापडते. बॉनेटखालून धूर येतो आणि सगळे मिळून नव्या इंजिनाला शिव्या घालतात.

पहिल्यांदा सुरू करताना आधी इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून पाच-सात सेकंदांच्या हप्त्यांनी स्टार्टर फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं नाक थोडं वर करा आणि पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडंच राहू द्या, नाहीतर आत हवेचा फुगा अडकतो.

आता अ‍ॅव्हरेज. टाकी फुल्ल, पुन्हा फुल्ल, पंप तोच, नोझल पहिल्यांदा बंद झालं की थांबायचं. एका टाकीवरून नाचू नये, निदान तीन मोजाव्यात. एवढं करूनही मनातला आकडा येत नसेल तर घेर ३ टक्क्यांनी कमी असलेले टायर लावावेत. चाकं जास्त फिरतात, मीटर ३ टक्के जास्त किलोमीटर दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज कागदावर तेवढंच वाढतं. हे जुन्या इंजिनावरही करता आलं असतं.